नाइंटी, विडी आणि मोठं आतडं

शंकेखोर : ताई, तोंडाच्या कर्करोगाबद्दल तुम्ही गावोगाव जे सांगता, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तंबाखू गालात धरली, तिथंच चट्टा पडला, तिथंच गाठ आली. हे अडाण्यालाही पटतं. पण यंदा तुम्ही तुमच्या यादीत मोठं आतडं आणि गुदाशय घातलंत, तिथं मी अडखळलो. बार्शीला १९८७ पासून कर्करोगाची नोंदणी चालते. ग्रामीण भागातली ती देशातली पहिली नोंदणी. तिथल्या यादीत तोंड, अन्ननलिका, स्तन, गर्भाशयमुख ही नावं वर असतात आणि मोठं आतडं बरंच खाली. आता तंबाखूकडे पाहा. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दर चार प्रौढांपैकी जवळपास एक जण मशेरी, मळलेली तंबाखू, मावा, गुटखा यांपैकी काहीतरी घेतो. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरीही! तंबाखूनं आतड्याचा कर्करोग होत असता, तर त्या यादीत आपलं आतडं वर असायला हवं होतं. ते तसं नाही. मग तुमचा दावा उभा कशावर आहे?

कार्यकर्ती : सर, तुम्ही सगळी तंबाखू एका पोत्यात भरलीत. या विषयात पदार्थ वेगळा धरावा लागतो आणि अवयवही वेगळा धरावा लागतो. फ्रान्समधल्या लिऑनला जी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आहे, ती नेमकं हेच काम करते. मद्याला तिनं कर्करोगकारक ठरवलं १९८८ मध्ये. त्या यादीत मोठं आतडं आणि स्त्रियांचे स्तन आले २००७ च्या बैठकीत. धूम्रपानाच्या यादीत मोठं आतडं आणि गुदाशय आले त्याच्याही नंतर, २००९ च्या फेरआढाव्यात. चघळायच्या तंबाखूसमोर मात्र तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड एवढीच नावं आहेत. आतडं तिथं नाही. अफूचा आढावा २०२० मध्ये झाला. तिच्यासमोर स्वरयंत्र, फुप्फुस आणि मूत्राशय आहे, आतडं नाही. म्हणून मी सरसकट ‘व्यसन’ म्हणत नाही. दारू आणि धूर, एवढंच म्हणते. आणि तुम्ही सांगितलेल्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्याही आत आहेत. तंबाखू भरपूर, पण धूर कमी, असं हे राज्य आहे. बार्शीच्या यादीत आतडं खाली असणं माझ्या म्हणण्याशी जुळतंच.

शंकेखोर : मग हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगा. समोर बसलेली बाई सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते. तुम्ही बोलता दारू-विडीबद्दल, पण ती घरी जाताना समजते की आपलं आतडं आता सडणार. तिला खरी भीती तोंडाची असायला हवी आणि तोंडाची तपासणी तर गावातही करता येते. तिचं लक्ष भलतीकडे गेलं, तर ते नुकसान तुमच्या हातून झालेलं असेल.

माझी दुसरी शंका काळाबद्दल आहे. सिगरेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५० मध्ये मांडला. आतड्याचं नाव पक्कं व्हायला त्यानंतर जवळपास साठ वर्षं गेली. एवढ्या उशिरा दिसणारा संबंध मला संशयास्पद वाटतो. सिगरेट ओढणारा माणूस नुसती सिगरेट ओढत नाही. तो दारूही पितो, मटणावर ताव मारतो, भाजी बाजूला सारतो, व्यायामाच्या वाटेला जात नाही. कॅलिफोर्नियातल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. पुण्यातल्या स्पायसर महाविद्यालयामुळे आपल्याकडेही हा पंथ माहीत आहे. ही माणसं दारू पीत नाहीत, धूम्रपान करत नाहीत आणि त्यांच्यात आतड्याचा कर्करोग कमी आढळला. पण त्यांच्यातले कितीतरी जण मांसाहारही करत नाहीत. मग श्रेय कोणाला द्यायचं? न ओढलेल्या सिगरेटला, न प्यालेल्या दारूला, की ताटातल्या डाळ-भाजीला?

कार्यकर्ती : ॲडव्हेंटिस्टांच्या उदाहरणावर मीही भिस्त ठेवत नाही. तिथं सगळे धागे एकात एक अडकलेले आहेत. पण उशीर का झाला, याला कारणं आहेत. मोठ्या आतड्यातला कर्करोग बहुतेक वेळा एका छोट्या मांसल कोंबापासून, पॉलिपपासून, सुरू होतो आणि त्या कोंबाचा कर्करोग व्हायला दहा-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. धुराचा परिणाम तर आणखी लांबचा दिसतो. तीस-पस्तीस वर्षं ओढल्यानंतरचा. पन्नास-साठच्या दशकात पाहणी करणाऱ्यांच्या हाती पुरेसा काळच नव्हता. दुसरं असं की, जुन्या अभ्यासांत कर्करोगाच्या रुग्णांची तुलना अनेकदा त्याच रुग्णालयातल्या इतर रुग्णांशी व्हायची. ते इतर रुग्ण हृदयाचे, दम्याचे, म्हणजे त्यांच्यातही विडी-सिगरेट ओढणारे भरपूर. दोन्ही बाजूंना धूर असल्यावर फरक दिसणार कुठून?

आणि मला सर्वांत बोलका वाटतो तो पुरावा कर्करोगाच्या आधीचा आहे. २००८ मध्ये जुन्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. सिगरेट ओढणाऱ्यांत हे पॉलिप जवळपास दुप्पट आढळले. प्रत्यक्ष कर्करोगाचं प्रमाण, कधी ना कधी सिगरेट ओढलेल्यांत, न ओढलेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त होतं. गुदाशयात ते आणखी ठळक होतं. शिवाय धुराचा संबंध सगळ्या गाठींशी सारखा नाही. करवती कडांच्या पॉलिपांशी आणि त्यांतून येणाऱ्या, विशिष्ट जनुकीय बिघाड असलेल्या गाठींशी तो जास्त घट्ट आहे. सगळा दोष मटणाचा आणि बैठ्या आयुष्याचा असता, तर धुराची खूण अशी एका प्रकारच्या गाठींवर जास्त ठळक उमटली नसती.

शंकेखोर : हा मुद्दा वजनदार आहे. पण धूर जातो फुप्फुसात. तो आतड्यापर्यंत पोचतो कसा? आणि दारू तर वरच्या वरच, जठरात आणि लहान आतड्यातच शोषली जाते. मोठ्या आतड्याच्या वाट्याला ती येतेच कुठं?

कार्यकर्ती : दोघांचा रस्ता एकच आहे, रक्ताचा. धुरातली घातक द्रव्यं फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि रक्त सगळीकडे जातं. काही भाग लाळेबरोबर गिळलाही जातो. दारूचं म्हणाल तर यकृत तिचं प्रथम ॲसिटाल्डिहाइड करतं, मग ते पुढं निरुपद्रवी होतं. हे मधलं ॲसिटाल्डिहाइड पेशीतल्या डीएनएवर आघात करतं. रक्तातून मोठ्या आतड्यात पोचलेल्या दारूचं ॲसिटाल्डिहाइड तिथले जिवाणू करतात, पण त्याचा निचरा करायची ताकद तिथं तोकडी असते, म्हणून ते साचतं. भरीस भर म्हणजे दारू फोलेट या जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते आणि डीएनएच्या दुरुस्तीला फोलेट लागतं. दारू इंग्रजी असो, देशी असो, फेणी असो, वाइन असो. काम करणारा रेणू तोच आहे. द्राक्षाची म्हणून चांगली आणि मोहाची म्हणून वाईट, असं आतड्याला काही नसतं.

शंकेखोर : ठीक. संबंध आहे, हे मी मान्य करतो. आता तो केवढा आहे ते बघू, कारण खरा प्रश्न तिथं आहे. तुम्ही ‘१८ टक्के’ म्हणता, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की शंभरात अठरा जण जाणार. भारतात वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता साधारण अर्धा टक्का आहे. म्हणजे हजारात पाच. त्यात १८ टक्क्यांची भर घातली की हजारात सहा. अमेरिकेत किंवा युरोपात मूळ आकडाच आपल्या कितीतरी पट आहे, तिथं ही भर मोठी होते. आपल्याकडे तुम्ही हजार माणसांना घाबरवता ते एका माणसासाठी. तोच विडी ओढणारा हृदयविकारानं, क्षयानं, फुप्फुसाच्या आजारानं जाण्याची शक्यता कितीतरी मोठी आहे. खरी, मोठी भीती हाताशी असताना छोटी भीती वाटत फिरायचं कशाला? लोक सगळ्याच भीतींना कंटाळतात आणि मग मोठीही ऐकेनाशी होतात.

(हे दोन आवाज लिहिताना माझा कल बराच काळ शंकेखोराकडे होता. मूळ आकडा न सांगता नुसती टक्केवारी सांगणं ही आपल्या आरोग्यविषयक लिखाणाची जुनी खोड आहे आणि तिच्यामुळे लोकांचा विश्वास झिजतो, असं माझं ठाम मत आहे. पण पुढचं उत्तर मला टाळता आलं नाही.)

कार्यकर्ती : तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो सरासरीचा आहे. त्या १८ टक्क्यांत कॉलेजात चार वर्षं ओढून सोडलेला माणूसही आला आणि चाळीस वर्षं रोज बंडल संपवणाराही आला. दारूचा हिशेब आपण आपल्या मापात करू. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. तीस मिलिलिटरच्या पेगात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. म्हणजे नाइंटीत ३० ग्रॅम आणि क्वार्टरमध्ये ६०. साडेसहाशेची स्ट्राँग बिअर, आठ टक्क्यांची, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास. आता पुरावा काय सांगतो? रोज १० ग्रॅमला आतड्याच्या कर्करोगाची शक्यता ७ टक्क्यांच्या आसपास वाढते. रोज ५० ग्रॅमला ती ३८ टक्क्यांनी वाढते. जागतिक कर्करोग संशोधन निधीनं पुरावा निर्विवाद मानला तो रोज ३० ग्रॅमच्या पुढं. म्हणजे आपली रोजची नाइंटी त्या रेषेवर उभी आहे आणि क्वार्टर रेषेच्या दुप्पट आहे. आपल्याकडे पिणारे संख्येनं कमी असतील; २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातले जेमतेम १९ टक्के पुरुष आणि एका टक्क्याच्या आसपास स्त्रिया पितात. पण जो पितो, तो अनेकदा जेवणाबरोबर पेलाभर घेत नाही, तो चपटी संपवूनच उठतो.

आणि तुम्ही मूळ आकडा हजारात पाच म्हणून स्थिर धरलात. तो स्थिर नाही. जपानमधून हवाईला गेलेल्या कुटुंबांत एका पिढीत आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण अमेरिकेच्या पातळीला जाऊन भिडलं. रक्त तेच, देश बदलला, ताट बदललं. नंतर जपानमध्ये राहिलेल्यांचं ताटही बदललं आणि आज तो देश या आजाराच्या वरच्या रांगेत आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनी हा प्रवास विमानानं केला; हिंजवडीतली आणि ठाण्यातली घरं तो जागच्या जागी करताहेत. बैठं काम, सुटलेलं पोट, कमी चोथा, शनिवार-रविवारची पार्टी. पाया वाढला की त्याच १८ आणि ३८ टक्क्यांचं ओझंही वाढतं.

शंकेखोर : तुम्ही आत्ता नकळत तुमचा श्रोता बदललात. बार्शी तालुक्यातला विडी ओढणारा शेतमजूर बाजूला राहिला आणि हिंजवडीतला, स्वतःला व्यसनी न समजणारा माणूस समोर आला. मग त्याच्याकडे जा. तुमचे कार्यक्रम होतात ग्रामपंचायतीच्या पटांगणात आणि आश्रमशाळेत. ज्याला हे ऐकवायला हवं, तो सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये बसलेला आहे.

कार्यकर्ती : हे मात्र मला पटतं आणि टोचतंही. आपल्याकडे दारूची चर्चा नेहमी गरिबाच्या दारूची होते. वर्ध्यात १९७४ ला बंदी आली, गडचिरोलीत १९९३ ला, चंद्रपूरला २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. प्रत्येक वेळी वाद झाला तो मारहाणीचा, उद्ध्वस्त संसारांचा, बुडणाऱ्या महसुलाचा आणि चोरट्या दारूचा. ते सगळे प्रश्न खरे आहेत. गावातल्या बायकांनी ते अंगावर झेललेत. पण त्यात सभ्य घरातली रोजची नाइंटी कुठंच नव्हती. तिच्यामुळे कोणी मार खात नाही, कोणाचं शेत गहाण पडत नाही, म्हणून तिला निरुपद्रवी समजलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलं की, कर्करोगाच्या दृष्टीनं मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. हे वाक्य त्या क्लब हाउसपर्यंत पोचलेलंच नाही.

शंकेखोर : पोचवा. पण त्याबरोबर एक अवघड गोष्टही सांगावी लागेल. त्याच लिऑनच्या संस्थेनं २०२३ मध्ये दुसरा प्रश्न तपासला : दारू कमी केली किंवा सोडली, तर कर्करोगाची शक्यता खाली येते का? तोंड आणि अन्ननलिकेसाठी उत्तर आलं, हो, पुरावा पुरेसा आहे. मोठ्या आतड्यासाठी उत्तर आलं, पुरावा मर्यादित आहे. म्हणजे प्यायल्यानं वाढते हे पक्कं. सोडल्यानं किती उतरते, हे तितकं पक्कं नाही. पन्नाशीतला माणूस तुम्हाला विचारेल, ‘आता सोडून आतड्याचं काय भलं होणार?’ त्याला काय सांगाल?

कार्यकर्ती : मी त्याला सांगेन की, सोडल्याचा फायदा यकृताला, रक्तदाबाला, तोंडाला आणि अन्ननलिकेला नक्की आहे, आतड्याला तो असण्याची शक्यता आहे आणि ओझं वाढायचं तर थांबेलच. यापेक्षा जास्त वचन मी देणार नाही. पण पुरावा मर्यादित आहे म्हणून गप्पही बसणार नाही. असा पुरावा गोळा व्हायला माणसं वर्षानुवर्षं दारूपासून लांब राहावी लागतात आणि त्यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. ते होईपर्यंत पन्नाशीतला तो माणूस सत्तरीचा होईल.

शंकेखोर : आता माझी शेवटची आणि मला सगळ्यांत जास्त सतावणारी हरकत. आपल्याकडे या कर्करोगाचे अनेक रुग्ण तरुण असतात. तिशी-पस्तिशीचे. त्यांतल्या कित्येकांनी दारूला आणि सिगरेटला कधी हात लावलेला नसतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये अकरा देशांतल्या ९८१ गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. आतड्यातले काही जिवाणू कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात. चाळिशीच्या आतल्या रुग्णांत त्याच्या खुणा वृद्धांच्या तुलनेत ३.३ पट जास्त सापडल्या आणि हा आघात बहुधा अगदी लहानपणी झालेला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्या मुलानं काय सोडायचं? तुम्ही या आजाराला व्यसनाच्या खुंटीला बांधलंत की दोन अनर्थ होतात. निर्व्यसनी तरुणाच्या शौचातून रक्त पडतं, तेव्हा तो म्हणतो, ‘उष्णता झाली असेल’. घरचे म्हणतात मूळव्याध. नाक्यावर मूळव्याध-भगंदरची पाटी लावलेला माणूस वर्षभर मलम आणि पुड्या देतो. कोणाच्या मनात कर्करोग येतच नाही, कारण मुलगा सुपारीचं खांडही खात नाही. आणि निदान झाल्यावर नातेवाईक कुजबुजतात की लपून पीत असेल. आजारी माणसाला मग चारित्र्याचाही खुलासा करावा लागतो.

कार्यकर्ती : हे मी पाहिलं आहे. नवऱ्याच्या गाठीपेक्षा त्या कुजबुजीनं खचलेल्या बायका पाहिल्या आहेत. तरीही मी यादीतून दारू आणि धूर काढणार नाही. कोणाला का झालं, हे एका माणसापुरतं सांगता येत नाही. हजार माणसांत किती जणांना होईल, एवढंच सांगता येतं. पिणाऱ्या हजारांत ते प्रमाण जास्त आहे, हे लपवून मी त्या निर्व्यसनी तरुणाचं भलं करू शकत नाही. मात्र आतड्याबद्दल बोलताना पहिलं वाक्य व्यसनाचं नको, शौचातल्या रक्ताचं हवं, एवढं तुमच्या हरकतीतून मी घेते. व्यसन दुसऱ्या वाक्यात.

शंकेखोर : माझ्या मते दुसऱ्या वाक्यातही त्याच्या मापासकट. हजारात किती, ते सांगून.

कार्यकर्ती : हजारात पाचाचे सहा होतात, एवढंच ऐकलं की माणूस ग्लास पुन्हा भरतो, सर. ऐकणाऱ्याला तो आकडा झेपेल का, याबद्दल तुमचं आणि माझं एकमत होणार नाही.

शंकेखोर : नाही होणार. आकडा लपवून मिळवलेली व्यसनमुक्ती मला नको आहे.

कार्यकर्ती : आणि आकड्यानं निश्चिंत झालेला पिणारा मला नको आहे. तोवर ज्यावर दोघांचं जमतं ते तरी लोकांपर्यंत जाऊ दे. तीस वर्षांपुढच्यांसाठी सरकारी तपासणी आहे ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची. मोठं आतडं त्यात नाही. म्हणून हे ज्याचं त्यानंच पाहायला हवं. शौचातून रक्त पडत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली असेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा रक्त कमी झालं असेल, तर वय कितीही असो, व्यसन असो वा नसो, मूळव्याध ठरवण्याआधी डॉक्टरांकडून गुदाशयाची तपासणी करून घ्या आणि त्यांनी सांगितलं तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. पॉलिप असताना सापडला, तर तो त्याच दुर्बिणीतून काढता येतो.